आठ पाट्यांची कमान

कमानीच्या पाट्यांबद्दल मला चार गोष्टी शिकवील असा माणूस मला हिंगोली जिल्ह्यात भेटलेला नाही. ही बढाई नाही. पुढे जे लिहायचं आहे ते वाचून कुणी म्हणू नये, की म्हाताऱ्याला तेव्हा कळलं नसेल. मला कळत होतं. पुरतं कळत होतं.

कनेरगाव नाक्यावर, ढाब्यांची रांग संपते तिथे, चाळीस वर्षं माझं कमानीचं दुकान होतं. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीचं चाक आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांची एक जुडी असते, धनुष्यासारखी वाकवलेली. तिला कमान म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका पट्टीला पाटा. चाक खड्ड्यात गेलं की पाटे दबतात, एकमेकांवर सरकतात, आणि खड्डा वर बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. निदान पोचू नये.

आमच्याकडे रीत अशी की नवी पिकअप आली की आधी देवाला आणि मग माझ्याकडे. बॉनेटवर नारळाच्या पाण्याचे ओघळ ओले असायचे, हाराची फुलं सुकलेली नसायची, आणि मालक म्हणायचा, पाटे चढवा. कंपनीची कमान शहरातल्या लोकांसाठी असते, असा सगळ्यांचा पक्का समज. सोयाबीनची पोती केबिनच्या वर जातील इतकी रचायची, आणि तरी गाडीचं बूड खाली जाता कामा नये. बूड टेकवून चाललेली गाडी दिसली की पानटपरीवरची माणसं हसायची. माझ्या हातची गाडी कधी बसली नाही. रिकामी असताना ती मागून पिसारा उभारलेल्या कोंबडीसारखी उंच दिसायची, आणि जवळा बाजारच्या आठवडी बाजारातसुद्धा लोक लांबून ओळखायचे की ही नाक्यावरची. त्या ओळखीचा मला फार गर्व होता. सगळं त्यातूनच झालं.

माझी धाकटी बहीण सेनगाव तालुक्यातल्या एका गावात दिलेली आहे. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, वीस वर्षं दुसऱ्यांच्या जीपवर ड्रायव्हर होते. जपून चालवणारा माणूस. गर्भार बाई दवाखान्यात न्यायची असली की गाव त्यांनाच हाक मारायचं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची पिकअप घेतली आणि रीतीप्रमाणे देवाहून माझ्याकडे आणली. पण पाटे चढवायला नाही. पाहुण्याला गाडी दाखवायला आणली होती.

"पाटे नकोत, दादा," ते म्हणाले. "माल मी थोडाच नेईन. जास्त करून बाया न्यायच्यात हळदीच्या कामाला. गाडी कडक व्हईल."

दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली होती. मी म्हणालो, "मऊ पाहिजे तं गादी घ्यायची, गाडी काहून घेतली?"

सगळे हसले. दाजीही कसनुसे हसले आणि खाटेवर बसून राहिले. बायकोच्या मोठ्या भावाला त्याच्याच दुकानात दुसऱ्यांदा नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

कंपनीची कमान पाच पाट्यांची होती. मी प्रत्येक बाजूला तीन पाटे वाढवले. तेही पिकअपचे नव्हते. त्या मापाचे शिल्लक नव्हते, म्हणून एका मोडीत निघालेल्या ट्रकचे जाड पाटे कापून बसवले. वरून क्लिपा अशा आवळल्या की पाट्यांना सरकायला जागाच उरली नाही. टायरही बदलायला लावले. मऊसर रेडियल काढून जाड नायलॉनचे घातले आणि मागच्या चाकांत हवा सत्तर ठेवा असं बजावलं. रिकाम्या गाडीला सत्तर हवा म्हणजे दगडी चाक. हे सगळं मी मेव्हण्याच्या प्रेमानं करतोय, असं तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरं तर माझ्या घरची गाडी रस्त्यावर बसलेली दिसू नये, एवढंच मनात होतं.

मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे बसवतात. त्या वर्षी दाजींच्या पिकअपमध्ये नऊ बाया रोज हळद काढायला जायच्या. नऊ बाया म्हणजे त्या आठ पाट्यांच्या कमानीला काहीच नव्हतं. ती जागची हलतही नव्हती. बायांनी दोन-तीनदा कुरकूर केली, गाडी लई आदळून राहिली म्हणून. दाजी आणखी सावकाश चालवू लागले.

गावाबाहेर ओढ्यावर एक नळकांडी पूल आहे. त्याच्या दोन्ही तोंडांना रस्ता खचून वीतभर पायरी झालेली होती. एके सकाळी त्या पायरीवर गाडी उसळली आणि मागच्या फाळक्याजवळ, म्हणजे अगदी टोकाला, बसलेली बाई उडून परत फळीवर आपटली. टोळीतली तीच सगळ्यात जाणती. ती ज्या सरीला लागेल तिच्या चालीनं बाकीच्या आठजणी चालायच्या. तिच्या कमरेचा मणका दबला. तीन महिने ती पट्टा बांधून पडून होती. पुढे चालू-फिरू लागली, पण वाकता येईना. हळदीचं, निंदणीचं, कापसाचं, सगळं काम वाकूनच असतं. तेव्हापासून ती घरी बसून लोकांच्या डाळी निवडून देते.

दाजींनी पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं, मी सावकाश होतो, गाडीच उसळली. कुणाला पटेना. सावकाश चाललेली गाडी माणूस कसा उडवील?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बहिणीच्या गावी गेलो. गाडी अंगणात उभी होती. आता जे लिहितो ते मी आजवर कागदावर आणलेलं नाही.

कमान किती दबते हे बघायची माझी एक साधी युक्ती होती. कमानीच्या शेजारी उसळी अडवणारा शॉकअप असतो. त्याची खालची नळी वरच्या झाकणात आतबाहेर करते. त्या नळीला झाकणाला टेकवून सुतळीचा एक फेर बांधायचा. गाडी आदळली की झाकण खाली येतं आणि सुतळीला खाली ढकलून परत वर जातं. सुतळी जिथे राहील तितकी कमान दबली. चांगली कमान असल्या पायरीवर चार बोटं तरी दबली पाहिजे.

मी गाडीखाली गेलो, सुतळी बांधली आणि जरा बघून येतो म्हणून गाडी ओढ्याकडे नेली. सायकलच्या चालीनं पायरीवर घातली. माझं डोकं केबिनच्या टपाला लागलं. उतरून वाकून बघितलं. सुतळी अर्धं बोट सरकली होती.

म्हणजे कमान दबलीच नव्हती. सगळा दणका सरळ वर गेला होता. आणि जी काही उसळी होती ती अडवायला शॉकअप कंपनीचाच, पाच पाट्यांच्या अंदाजानं केलेला. जाड कमानीपुढे तो म्हणजे बैलाचा कासरा लेकराच्या हाती दिल्यासारखं. दाजी खरं बोलत होते. मी ती सुतळी तोडली आणि खिशात घातली.

दुपारी अंगणात दहा-पंधरा माणसं जमली. त्या बाईचा भाऊ होता, टोळीतल्या दोन-तीन बाया होत्या. दाजी सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, तुमीच सांगा. गाडी कडक हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "कमानीत काई दोष न्हाई. चालवणाऱ्याच्या हातात असतं."

एवढंच बोललो. मग चहा आला.

त्या दिवसापासून दाजींच्या गाडीत एकही बाई बसली नाही. गर्भार बाईलाही लोक सेनगावहून जीप मागवून नेऊ लागले. गावानं त्यांना विमान म्हणायला सुरुवात केली. गाडी दिसली की पारावरून कुणीतरी विचारायचं, विमान कुठं उतरून राहिलं आज? ते सिमेंट नेत, कडबा नेत, बाजाराच्या दिवशी बकऱ्या नेत. त्यावरही एकजण म्हणाला होता, बकऱ्या बसतात कारण त्यांना इचारत न्हाईत. आमच्याकडच्या लोकांची जीभ अशीच आहे. मीही त्यातलाच. गादीचा टोमणा मीच मारला होता.

मधल्या सात वर्षांत बहीण दर दिवाळीला ओवाळायला आली. माझं दुकान चालू होतं, पण मी नव्या पिकअपला ट्रकचा पाटा पुन्हा कधी चढवला नाही. गिऱ्हाइकं भांडायची, दुसरीकडे जायची. कारण विचारलं तर सांगत नव्हतो. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. लोकांना वाटलं, वय झालं.

मागच्या उन्हाळ्यात बहीण आली. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दादा, गाडीला गिऱ्हाईक बघ. हे पुण्याला वॉचमन म्हणून जाऊन राहिलेत. इथं कुणी ड्रायव्हर म्हणत न्हाई तं राहून काय करू, म्हणतात."

नाक्यावर जुन्या गाडीची पारख करायला अजूनही लोक मलाच बोलावतात, म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी तिला म्हणालो, गिऱ्हाईक बघतो, पण आधी गाडी माझ्या हाताखालून जाऊ दे. तिच्यासोबतच निघालो. एसटीत दोघं शेजारी बसलो होतो. तिला सांगावं म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा उन्हाळ्याबद्दल बोललो.

दाजी ओट्यावर बसलेले होते. गाडीच्या काचेवर आतून कागद चिकटवलेला होता, विकणे आहे. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं. ट्रकचे पाटे, आवळलेल्या क्लिपा, सुतळी, अर्धं बोट, खिसा. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

दाजींनी काचेवरच्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला ठाऊक व्हतं."

मला वाटलं, ते पाट्यांबद्दल म्हणतायत.

"तुमी गाडीखाली गेलते तवा मी इथंच बसलो व्हतो. सुतळी बांधताना बघितली, दादा. परत आले तं सुतळी नव्हती. म्हणूनच सगळ्यांसमोर इचारलं. मला वाटलं, तुमी सांगताल."

"मग तुमी काहून न्हाई बोलले?"

"बायकोच्या भावाला खोटं पाडू? पाटे काढले असते तरी तुमी खोटेच पडले असते. तिला माहेर एकच हाय."

दारात बहीण उभी होती. तिनं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं. ती आत गेली आणि त्या रात्री माझं ताट दाजींच्या हातून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. बाहत्तर वर्षांचा माणूस गाडीखाली जातो म्हणून शेजारीपाजारी बघायला आले. हाताला सगळं आठवत होतं. जॅक लावला, सांगाड्याखाली लाकडी ठोकळे घातले, चाकं काढली, कमानी उतरवल्या आणि जुड्या सोडल्या. माझे सहा पाटे बाजूला ठेवले. कंपनीचे पाच पाटे बघितले तर सात वर्षांत त्यांच्यावर नीट घासल्याची खूणही नव्हती. त्यांना काम करूच दिलं नव्हतं. गंज घासून काढला, ग्रेफाइट लावलं, टोकांना नायलॉनच्या चकत्या बसवल्या, म्हणजे पाटा पाट्यावर कुरकुरत नाही, गुपचूप सरकतो. दोन्ही टोकांचे रबरी बुश नवे घातले. क्लिपा ठेवल्या, पण नखभर सैल.

मालाचं काय, असं दाजींनी विचारलं. कडबा, सिमेंट तर न्यायचंच होतं. त्यासाठी प्रत्येक कमानीच्या तळाला एक सपाट पाटा दिला. रिकाम्या गाडीत तो कशालाच टेकत नाही, नुसता लोंबतो. गाडी भरली आणि वरचे पाटे दबून सरळ झाले की मगच तो भार घेतो. हे मला चाळीस वर्षं येत होतं. तेव्हाही येत होतं. फक्त असली गाडी भरल्यावर चार बोटं खाली बसते, आणि ते मला नाक्यावर दिसू द्यायचं नव्हतं.

शॉकअप चारही नवे घातले. चाकांसाठी हिंगोलीला गेलो. नायलॉन काढून रेडियल टायर चढवले. मागच्या चाकांना मधल्या काळात कुणीतरी रुंद रिंगा बसवल्या होत्या, त्या काढून कंपनीच्या मापाच्या घेतल्या आणि चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. एक रिंग एवढी वाकडी निघाली की मशीनवाल्यानं मला हिंदीत विचारलं, चाचा, इसपे गाडी चलती थी क्या? मी दाजींकडे बोट दाखवून म्हणालो, ये चलाते थे, सात साल. हवेचं मी दारावर आतून पांढऱ्या रंगानं लिहिलं. रिकामी चाळीस, भरल्यावर साठ. दाजी म्हणाले, रोज हवा कमी-जास्त कोण करतं? मी म्हणालो, तुमी करताल. ते करतात.

पाचव्या दिवशी सुतळी बांधली. या वेळी दोघं मिळून वाकलो. ओढ्यावर दाजींनी गाडी नेली, पायरीवरून काढली. उतरून बघितलं, तर सुतळी चार बोटं खाली. केबिनमध्ये नुसता एक हेलकावा आला होता, पाळण्यासारखा. दाजींनी गाडी वळवली आणि परत त्याच पायरीवर घातली. मग तिसऱ्यांदा. सात वर्षं हा माणूस तिथे गाडी उभी करून, पायरी हातानं चाचपून पुढे जात होता, हे मला बहिणीनं नंतर सांगितलं.

गाडी झाली होती. काम राहिलं होतं.

सकाळी कामाला जाणाऱ्या बाया एसटीच्या निवाऱ्यात जमतात. मी तिथे गेलो. सोबत डाळी निवडणाऱ्या त्या बाईला यायला सांगितलं होतं. ती काठी टेकत आली आणि बसायच्या कट्ट्याला पाठ लावून उभी राहिली. मला बघून एकजण म्हणाली, विमानवाल्याचे मेव्हणे आले. मी म्हणालो, विमान मीच बनवलं, तेच सांगायला आलो. आणि सगळं सांगितलं. एक ट्रकचा पाटा बरोबर नेला होता. तो त्या बाईच्या पायाशी ठेवला. सुतळी दोन ठिकाणी गाठ मारून नेली होती, अर्ध्या बोटाची गाठ आणि चार बोटांची गाठ. ती हातोहात फिरली. बायांनी बोटं लावून बघितली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, त्या स्वतः त्या गाडीच्या मागे बसून गेलेल्या होत्या.

त्या बाईनं पायाशी ठेवलेला पाटा काठीनं जरा ढकलून बघितला. मग म्हणाली, "पाव्हणं, सात वर्सं मी रोज उठता-बसता त्याला शिव्या दिल्या. त्याच्या लेकराबाळाला दिल्या. त्या आता कुठं ठेवू?"

"मला द्या."

"तुमाला नव्या देईन. त्या त्याला लागल्या, त्या वापस येत न्हाईत."

मी तिच्यासमोर हात जोडले. माफी मागितली. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं दाजींना बोलावणं पाठवलं. गाडी आली. ती केबिनमध्ये बसली आणि काठीनं मागे दाखवत मला म्हणाली, "फाळक्याजवळ बसा. मी जिथं बसले व्हते तिथं."

मी बसलो. फळी, पाठीमागे फाळका, धरायला काही नाही. ओढा जवळ आला तेव्हा माझे हात आपोआप फळीला घट्ट झाले. गाडी पायरीवर चढली, मागचा भाग खाली गेला, वर आला आणि थांबला. मी फळीवरच होतो.

केबिनच्या मागच्या जाळीतून तिचा आवाज आला. "पाव्हणं, जागेवर हाय का?"

"हाय."

मग ती दाजींकडे वळून बोलली, पण मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं. "बापू, त्या दिवशी बी तू एवढ्याच चालीनं व्हता. मला आठवून राहिलं."

दाजींनी गाडी पुलावरच उभी केली. इंजिन चालूच होतं. मागून त्यांचे खांदे दिसत होते. खाली उतरून त्यांच्याजवळ जावं असं मला वाटलं, पण मला जिथे बसवलं होतं तिथेच बसून राहिलो.

दाजी पुण्याला गेले नाहीत. काचेवरचा कागद महिनाभर तसाच होता, मग उन्हानं सुकून आपोआप गळाला. हळदीच्या हंगामात पहिल्या दिवशी तीन बाया बसल्या, आठवडाभरानं सात. ती बाई कामाला जात नाही, तिची कमर कुठल्याही पाट्यानं नीट होणार नाही. पण दवाखान्याला जायचं असलं की दाजींनाच हाक मारते आणि केबिनमध्ये बसते.

माझे ते सहा पाटे भंगारवाल्याला द्यावेत म्हणून मी गोळा करत होतो. दाजींनी हात धरला. राहू द्या, म्हणाले, पाव्हण्याला येता-जाता दिसतील. ते पाटे ओट्याला टेकवून उभे केलेत. बहिणीकडे गेलो की चपला मी त्या पाट्यांशेजारीच काढतो.